व्यवसाय-माहिती विश्लेषण : नागपूरची एम्प्रेस मिल

धंद्याविषयीची माहिती गोळा करून व पडताळून निर्णयास आधार देण्याचे कार्य. त्यासाठी स्वतंत्र विश्लेषक नेमण्याची प्रथा अलीकडची असली, तरी कार्य जुने आहे. १८७४ मध्ये कंपनी स्थापताना जमशेटजी टाटा यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले. कापसाचा प्रदेश, वरोऱ्याचा कोळसा व बाजारपेठ यांचे सान्निध्य हे त्याचे कारण. गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. लँकाशरची भिस्त म्यूल यंत्रांवर असताना येथे १८८३ च्या सुमारास रिंग चात्या प्रथम प्रयोगादाखल चालविल्या गेल्या व उत्पादन तपासूनच त्यांचा वापर वाढविण्यात आला. माहितीने जोखीम टळत नाही. मात्र ती डोळसपणे पतकरता येते.