भिंतीवरून तळहातावर : छायाचित्रे पाहण्याचा इतिहास

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात खडकीचे नाव येते ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज येथे समोरासमोर आली. त्या लढाईची वर्णने आहेत, नकाशे आहेत. परंतु छायाचित्र एकही नाही. कारण छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती त्यानंतर बावीस वर्षांनी, १८३९ साली, पॅरिस शहरी. पुढे खडकीस छावणी वसली, १८५८ साली पुण्याला आगगाडी आली, १८६९ साली ॲम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली. म्हणजे आजची खडकी आणि छायाचित्र ही जवळजवळ बरोबरीनेच वाढली. बराकीतील तुकडी, फॅक्टरीतील खाते, शाळेतील वर्ग, निकाहाची मजलिस यांचे फोटो आपल्या घराघरांतून आहेत. कुठे ते भिंतीवर आहेत, कुठे पेटीच्या तळाशी.

कॅमेऱ्याचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. येथे विचार करावयाचा आहे तो, काढलेले चित्र माणसे केवढे करून पाहत आली आणि किती जण मिळून पाहत आली, याचा.

प्रारंभी छायाचित्र भिंतीवरचे नव्हतेच. दागेर या फ्रेंच गृहस्थाचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. मोठ्यात मोठा नेहमीचा पत्रा साडेआठ इंच लांब व साडेसहा इंच रुंद. तो हाती धरून तिरपा केला म्हणजे चेहरा दिसे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी होते. त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय जवळजवळ नव्हती. काच जेवढी, तेवढेच चित्र. म्हणून मोठ्या इमारतीसाठी मोठ्या काचा आणि जड कॅमेरे बैलगाडीतून न्यावे लागत. विजापूरच्या आदिलशाही इमारतींवरील छायाचित्रांचा भव्य ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे हे कष्ट होते.

परंतु त्याच सुमारास उलट दिशेनेही प्रयत्न चालू होते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची व आसपासच्या प्रदेशाची दुहेरी छायाचित्रे काढली. त्यांतील शंभरांचे पुस्तक १८६४ साली लंडनला निघाले. ही चित्रे तळहाताहून लहान. ती नुसत्या डोळ्यांनी पाहावयाची नसत. दोन भिंगांच्या चौकटीतून पाहिली की लेण्यातील खांब एकामागे एक उभे राहत. लहान चित्र मोठे करून पाहण्याची ही युक्ती मला आजच्या पडद्यांपेक्षा सरस वाटते. पाहणाराला ती थांबवून धरीत असे. याच काळात पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली पेटंट घेतलेले, भेटीच्या कार्डाएवढे फोटो स्वस्त झाले. एका काचेवर आठ चेहरे घेता येत. मग छावणीतील साधा शिपाईही आपला फोटो घरी धाडू लागला.

समुदायाने चित्र पाहण्याची रीत आपल्याकडे रुजविली ती कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी. १८९२ च्या सुमारास त्यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने दिव्याच्या साह्याने काचेवरील रंगीत चित्रे पडद्यावर पाडण्यास आरंभ केला. चित्र काचेवर बोटभर, पडद्यावर पुरुषभर. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली आणि मोठ्या पडद्याचे युग सुरू झाले. शेकडो माणसे एकाच वेळी एकच चित्र पाहत, मोठ्याने बोलत, ओळखत, विचारीत.

घरचा फोटो मात्र लहानच होत गेला. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याचे चित्र गोल, अडीच इंच व्यासाचे होते. १९०० सालच्या 'ब्राऊनी'चे सव्वादोन इंच चौरस. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी 'क्लिक थ्री' वापरला, त्यांना पांढऱ्या किनारीचे ते चौकोनी फोटो आठवत असतील. ते एवढे लहान की अल्बमच्या एका पानावर सहा बसत. परंतु फोटो लहान असला तरी त्याला पाठ होती. पाठीवर तारीख, स्टुडिओचा शिक्का आणि पुष्कळदा उर्दूत चार ओळी : कोण, कुठे, कोणत्या प्रसंगी. आज त्या घरातील मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. पाठीवरचे अक्षर वाचणारे एखादी दादी किंवा नाना तेवढे उरलेले असतात.

दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली, पुढील वर्षी पुण्यात. तिचा पडदा सिनेमाच्या मानाने खिडकीएवढा, तरी समोर सारे घर आणि निम्मी गल्ली बसे. मौजेची गोष्ट अशी की, १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने अंकांच्या रूपात टिपलेले चित्र प्रथम पाहिले गेले तेही दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच. त्यात अवघे १०,००० ठिपके होते आणि कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००० साली, जपानात शार्प कंपनीचा कॅमेऱ्याचा फोन विक्रीस आला, त्यात १,१०,००० ठिपके. २००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा कोनाकोनी साडेतीन इंच होता. आता तो सहा इंचांच्या वर गेला आहे. तेव्हा पडदे एकसारखे लहानच होत आहेत असेही नाही. पण मनगटावरच्या घड्याळातही फोटो दिसू लागले आहेत, आणि अब्बांच्या हातातला मोबाईल मुलाला दिसत नाही, मुलाच्या हातातला दादीला दिसत नाही, हे काही बदललेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, याचा परिणाम एका साध्या हिशेबाने पाहा. शाळेच्या जुन्या समूहछायाचित्रात साठ मुले आहेत, एका रांगेत बारा. मूळ फोटो तीस सेंटिमीटर रुंद. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच सेंटिमीटर; चेहरा करंगळीच्या नखाएवढा, चष्मा लावून ओळखण्याजोगा. हाच फोटो उभ्या धरलेल्या मोबाईलवर सुमारे सात सेंटिमीटर रुंद होतो. माणसामागे सहा मिलिमीटरही उरत नाहीत, चेहरा साधारण ज्वारीच्या दाण्याहून लहान. दोन बोटांनी ताणले की एक चेहरा मोठा होतो खरा, पण शेजारचा अदृश्य होतो. आणि जुन्या माणसाची ओळख पटते ती बहुधा शेजाऱ्यावरूनच. "हा माझ्या डावीकडे बसायचा," असे म्हणत आजोबा नाव सांगतात.

त्यात भर अशी की, भिंतीवरच्या चौकटीचा फोटो मोबाईलने घेताना काचेत खिडकीचा उजेड पडतो आणि आपण तो टाळण्यासाठी जवळ जातो. मग खालची पुठ्ठ्याची पट्टी कापली जाते. 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे, मागील रांग' असे ज्या पट्टीवर छापलेले असते तीच. पुढे तो फोटो व्हॉट्सॲपवरून एका घरातून दहा घरांत जातो आणि नेहमीच्या रीतीने पाठविला तर वाटेत ठिपके कमी होतात. २०२३ पासून अधिक स्पष्ट प्रत पाठविण्याची सोय त्यात आहे, ती निवडावी लागते. दहाव्या घरी पोहोचतात ते साठ ठिपके ठिपके चेहरे, नावावाचून. खडकीच्या फॅक्टरीत किंवा लष्करी कचेरीत ज्यांनी तीस-तीस वर्षे काढली, त्यांपैकी पुष्कळांच्या नोकरीचे घरात उरलेले एकमेव चित्र असाच एखादा निरोप समारंभाचा फोटो असतो.

मोबाईलवर राग धरण्याचे कारण नाही. परदेशी असलेल्या नातवाला आजोबांचा फोटो क्षणात दिसतो, हे दागेरला स्वप्नातही सुचले नसते. शिवाय त्याच मोबाईलमधील चित्र घरच्या मोठ्या टीव्हीवर पाडता येते. मुले हे चटकन करून दाखवितात. पालकांनी त्यांच्याकडून एवढे करून घ्यावे : ईदला सारे जमतील तेव्हा जुना समूहफोटो पुठ्ठ्याच्या पट्टीसकट, खिडकीकडे पाठ न करता, बाजूने उजेड घेऊन टिपावा आणि पडद्यावर लावावा. दादीला पुढे बसवावे. ती एकेक नाव सांगेल तसे एकाने रांग व क्रमांक घालून वहीत उतरावे. पाठीवर उर्दूत काही असेल तर तेही तिच्याकडून वाचून घेऊन मराठीत लिहावे. मूळ फोटोच्या पाठीवर लिहावयाचे झाल्यास मऊ शिसपेन्सिल घ्यावी, हात हलका ठेवावा आणि कडेला लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो, आणि नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यावर.