बालगंधर्वांचे रसिक : नाट्येतिहासाच्या एका साधनाची चिकित्सा

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) यांना ‘बालगंधर्व’ हे नाव मिळाले ते एका श्रोत्याकडून. पुण्यात या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी हा शब्द उच्चारला, असे परंपरा सांगते. प्रसंगाचे तपशील निरनिराळ्या चरित्रांत थोडेफार बदलतात. तथापि नाव गुरूने ठेवलेले नाही, दरबाराने दिलेले नाही, ते ऐकणाऱ्याच्या तोंडून आलेले आहे, याविषयी सर्वांचे एकमत आहे. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत ‘शाकुंतला’तील शकुंतला म्हणून उभ्या राहिलेल्या या नटाने १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतंत्र संस्था काढली, तेव्हा श्रोत्याने दिलेला हा किताबच संस्थेचे नाव झाला. तोवरच्या मंडळ्या संस्थापकाचे, गावाचे किंवा एखाद्या ध्येयाचे नाव घेत. ‘गंधर्व नाटक मंडळी’ने नटाच्या लौकिकालाच पाटीवर चढविले. रंगभूमीचा व्यवहार कोणत्या दिशेने सरकत होता, हे या एका पाटीवरून कळते.

मराठी नाट्येतिहासात बालगंधर्वांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यात रसिकवर्गाचा उल्लेख नेहमी कौतुकाने, परंतु पार्श्वभूमी म्हणून येतो. वास्तविक या इतिहासाचे मुख्य साधनच रसिकाची आठवण हे आहे. बोडसांचे ‘माझी भूमिका’, टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ अशी नटांची आत्मकथने मराठीत आहेत आणि ती मोलाची आहेत. ज्याच्याभोवती ही सारी मंडळी बोलतात, त्या नटाने मात्र स्वतःचे सविस्तर आत्मचरित्र मागे ठेवले नाही. समोरच्या माणसाला ‘देवा’ आणि प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणण्यापलीकडे त्यांच्या स्वतःच्या शब्दांतले फारसे काही लोकस्मृतीत उरलेले नाही. ही रिकामी जागा रसिकांनी भरली. ती कशी भरली आणि भरताना काय वगळले, हे पाहणे अगत्याचे आहे.

रसिक आणि नट यांच्यामध्ये छापील मजकूर उभा होता आणि तो छापणारी माणसे त्रयस्थ नव्हती. ‘मानापमान’, ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ या नाटकांचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’च्या संपादनाशी दीर्घकाळ निगडित होते, १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला. ‘रंगभूमी’ मासिक चालविणारे शंकर बापूजी मुजुमदार किर्लोस्कर मंडळीच्या कारभाराचे एक सूत्रधार होते, आणि १९१३ ची फूट याच कारभारावरील नाराजीतून पडली. अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या १९१५ मध्ये निघालेल्या ‘संदेश’ने वृत्तपत्री मराठीला जो चटकदारपणा आणला, त्याला नाटकमंडळ्यांचा संसार हा हुकमी विषय होता. म्हणजे नाटककार संपादक होता, मासिकाचा चालक मंडळीचा चालक होता, आणि वाचक हाच उद्याचा तिकीट काढणारा होता. आजच्या प्रसिद्धीतंत्राची बीजे तेव्हाच रुजली होती, असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. कारण हे सारे लोक प्रसिद्धीला प्रसिद्धी न मानता कलाविचार, क्वचित राष्ट्रकार्यही मानीत असत.

मंडळी गावोगाव फिरत असे. मुक्काम कोठे आहे, तेथून कोठे हलणार, शनिवारी कोणते नाटक लागणार, ही बातमी जाहिरातींतून, हस्तपत्रकांतून आणि आल्यागेल्याच्या तोंडून पसरे. जाहिरातीत नाटकाच्या नावाइतकेच महत्त्व ‘भामिनी’ किंवा ‘रुक्मिणी’ कोण करणार याला असे. मुंबई, पुणे, नाशिक येथला रसिक तर होताच, पण हुबळी, धारवाड, बेळगाव या कन्नड मुलखातला आणि बडोदा, इंदूर या संस्थानांतला श्रोताही याच वाटेवर होता. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ मध्ये बडोद्यास झाला, ही गोष्ट मराठी नाटकाचा भूगोल मराठी प्रदेशाएवढाच होता या समजाला पुरेसा छेद देते. पुढे कन्नड व्यावसायिक रंगभूमीवर जी गायकी ऐकू आली, तिच्यात गंधर्वांचे ठसे शोधणाऱ्यास फार खोल जावे लागत नाही.

रसिकस्मृती कशी काम करते, याचे सर्वांत परिचित उदाहरण १२ मार्च १९११ चे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. घटना खरी आहे. परंतु तिचे कथन पाहिले तर एक गोष्ट खटकते. कथेचा नायक नट आहे, तिचे फळ प्रेक्षकांच्या पदरात पडते, आणि ज्या घरात मूल गेले त्या घरातील स्त्री, म्हणजे मुलीची आई, कथेतून जवळजवळ नाहीशी होते. ‘मायबाप’ रसिकांनी आपल्यासाठी झालेला त्याग म्हणून ही आठवण जपली. नटाच्या खासगी दुःखावरही हक्क सांगण्याची ही सुरुवात होती. पुढे या हक्काने अधिक कठोर रूप घेतले.

नाट्यगृहात रसिकाच्या हाती एक अधिकार होता, तो ‘वन्समोअर’चा. पद संपले की हा पुकारा होई, आणि गंधर्व तेच पद पुन्हा, पण तसेच नव्हे, गात. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ असताना ही पुनरावृत्ती केवळ पुनरावृत्ती राहत नसे. रात्री उघडलेला पडदा पहाटेकडे पडे. ऐकणारा येथे प्रयोगाच्या लांबीचा आणि घडणीचा भागीदार होता. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’साठी (१९१६) बांधलेल्या चाली ऐकताना रागाचा विस्तार कोठवर जावा, हे अंशतः गर्दी ठरवीत होती. कथानकाचा यात बळी जातो, अशी टीका तेव्हाही होत असे आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. ग्रामोफोनच्या तबकडीने याच्या नेमके उलट केले. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. पुकाऱ्याला जागा नाही. तरीही ज्या घरातली माणसे, विशेषतः बायका, नाट्यगृहापर्यंत सहज पोचत नसत, त्या घरात गंधर्व शिरले ते याच तीन मिनिटांच्या रूपाने. आज उपलब्ध असलेला त्यांचा आवाज बहुतांशी हाच आहे. उरलेली रात्र रसिकाच्या शब्दावर विसंबून मान्य करावी लागते.

ही अडचण ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’च्या बाबतीत सर्वांत तीव्र होते. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. दोघांचे चाहते एकमेकांवर कुरघोडी करणारे. त्या रात्री ते एकाच छताखाली बसले. पुढे तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले आणि त्या रात्रीची पुनरावृत्ती कायमची अशक्य झाली. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही. आठवणी मात्र भरपूर आहेत, आणि त्यांतील अनेक आठवणी ‘जिंकले कोण’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिलेल्या आहेत. गंधर्वपक्षीयाची रात्र आणि भोसलेपक्षीयाची रात्र या दोन निरनिराळ्या रात्री वाटाव्यात इतके अंतर त्यांत पडते. इतिहासकाराने या दोहोंची सरासरी काढणे व्यर्थ आहे. हा पक्षाभिमान हेच येथे वाचावयाचे संहितारूप आहे.

याहून नाजूक प्रश्न स्त्रियांचा. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, केशरचना, फुले माळण्याची आणि शेला घेण्याची रीत यांचे अनुकरण महाराष्ट्रातील प्रतिष्ठित स्त्रिया करीत, हे विधान जवळजवळ प्रत्येक ग्रंथात आढळते. त्यांची स्त्रीवेषातील छायाचित्रे विकली जात, प्रसाधनांच्या जाहिरातींत वापरली जात, हेही नोंदलेले आहे. विधान खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण ते सांगणारे बहुतेक पुरुष आहेत. नाट्यगृहात स्त्रियांसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेतून नाटक पाहणाऱ्या बाईला त्या शालीन, सोशिक सिंधूमध्ये काय दिसत होते, याची तिच्या स्वतःच्या शब्दांतली साक्ष त्या मानाने फारच तुरळक. ‘आमच्या बायकांनी त्याच्याकडून नेसणे शिकून घेतले’ हे वाक्य ऐकताना त्यात पुरुष-रसिकाची स्त्रीत्वाविषयीची अपेक्षाही ऐकू यावी. ती अपेक्षा एका पुरुषाने रंगमंचावर पुरी केली आणि घरच्या बाईला आदर्श म्हणून ती परत दिली गेली.

येथे शेजारच्या दोन भाषांकडे वळणे उपयुक्त ठरते. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर (१८८९-१९७५) यांनाही प्रेक्षकांनीच नाव दिले. १९०१ मधील ‘सौभाग्यसुंदरी’ या नाटकातील भूमिकेवरून ते आयुष्यभर ‘सुंदरी’ राहिले. पण जयशंकरांनी आत्मकथा लिहिली, आणि तीत स्त्रीवेष चढविताना आपल्याच आत एक तरुणी उमलत असल्याचा अनुभव निःसंकोचपणे नोंदविला. ‘सुंदरी’च्या बाबतीत देहाची आतली बाजू नटाकडून कळते, बालगंधर्वांच्या बाबतीत फक्त बाहेरची, पाहणाऱ्याची. बंगालीत चित्र आणखी निराळे आहे. १८७०च्या दशकापासून तेथील सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रिया काम करीत होत्या, आणि बिनोदिनी दासीने ‘आमार कथा’मध्ये रसिकांच्या व आश्रयदात्यांच्या प्रेमाचा हिशेब मांडला. १८८३ मध्ये नवे नाट्यगृह उभे राहिले, तेव्हा ते तिच्या नावाचे असेल असे तिला सांगितले गेले होते; प्रत्यक्षात नाव पडले ‘स्टार’. गणिकाकुळातील नटीचे नाव पाटीवर आले तर प्रतिष्ठित प्रेक्षक येणार नाही, ही भीती होती. स्त्रीरूप धारण करणाऱ्या पुरुषाचा किताब मराठीत तीस वर्षांनी मंडळीच्या पाटीवर चढला आणि त्याने प्रेक्षक खेचला. बिनोदिनीचे नाव कोलकात्याच्या ‘स्टार’ला देण्याची घोषणा व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

मराठी रसिकाने हा प्रश्न सोडविलेला नव्हता, टाळलेला होता. तो गोहरबाई कर्नाटकींच्या रूपाने समोर आला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपविल्या होत्या. हिराबाई बडोदेकर त्याआधीच रंगभूमीवर आल्या होत्या. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. पुरुषवेषातील गंधर्व पडद्यावर रसिकांना परका वाटला, आणि कॅमेऱ्यापुढे ‘वन्समोअर’ म्हणणारे कोणी नव्हते, हे खुद्द नटालाही जाचले असावे. गंधर्व मंडळी मोडली. अशा वेळी त्यांच्या आयुष्यात आणि पुढे रंगमंचावर आलेल्या गोहरबाई गंधर्व-गायकीत इतक्या मुरलेल्या होत्या की त्यांचे गाणे ऐकताना मूळ कोणते याचा क्षणभर संभ्रम पडावा. चित्रपटगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. निकष केवळ श्रवणभक्तीचा लावला तर गोहरबाईंएवढा एकाग्र रसिक गंधर्वांना दुसरा क्वचितच मिळाला असेल. रसिकांच्या लेखनात मात्र त्या ऱ्हासाचे कारण म्हणून येतात. वाढते वय, बोलपटांची स्पर्धा, ‘द्रौपदी’सारख्या नाटकांच्या थाटावर झालेला खर्च आणि जुने कर्ज ही कारणे ठाऊक असूनही दोष एका मुसलमान गायिकेच्या माथी मारण्यात चाहत्यांना समाधान लाभले. त्यांच्या घरात काय घडले याचा निवाडा करण्याचे कारण नाही; निवाडा करण्याचा अधिकार आपला आहे असे रसिकांना का वाटले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. १९६४ मध्ये गोहरबाई वारल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले.

उत्तरायुष्यातील, थकलेल्या गंधर्वांना ऐकणाऱ्या पिढीची स्मृती पुन्हा वेगळी आहे. १९१९ मध्ये जन्मलेल्या पु. ल. देशपांड्यांसारख्या लेखकाला १९११ ची भामिनी किंवा १९१६ ची रुक्मिणी पाहायला मिळणे शक्यच नव्हते. या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले गंधर्व समोरच्या वृद्ध नटावर कल्पनेने चढविले आणि तोच आनंद मानला. त्यांच्या लेखनातील गहिवर खोटा नाही, पण तो काही अंशी वारशाने आलेला आहे. १९६२ मध्ये पुण्यातील रंगमंदिराची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीला, ते उघडले तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन चित्रे आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले.

या सर्व रसिकांत अपवाद ठरतात ते कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या कन्नड घरात जन्मलेल्या आणि माळव्यात देवासला स्थायिक झालेल्या या गायकाने बालगंधर्वांची पदे घेऊन एक स्वतंत्र कार्यक्रम बांधला. गंधर्वांची नक्कल करणारे तोवर पुष्कळ झाले होते. कुमारांनी आवाजाची ठेवण, लकबी, हेल यांना हात लावला नाही. पदाची चाल, तिच्यातील रागाची जागा आणि शब्दावर येणारे वजन यांची आपल्या गळ्यातून फेरमांडणी केली. आठवण सांगताना मी तेव्हा तेथे होतो हा दाखला ते देत नाहीत. कार्यक्रमाला त्यांनी नाव दिले, ‘मला उमजलेले बालगंधर्व’.