दुसऱ्या श्रेणीतला झिको : काशिमा नावाच्या गावाची गोष्ट

१/
१९९१ साली ब्राझीलचा झिको जपानमध्ये खेळण्यासाठी दाखल झाला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ज्या संघाशी त्याने करार केला, तो एका पोलाद कंपनीचा संघ होता आणि जपानी फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. उतारवयातला तारा दुय्यम लीगमध्ये जातो, दोन हंगाम काढतो आणि मानधन घेऊन परततो, ही कथा फुटबॉलला नवी नाही. काशिमा या गावात मात्र तिचा शेवट निराळा झाला. तो कसा, याचा हा धागा.

२/
प्रथम झिको कोण, हे पाहू. आर्थर अँट्युनेस कोइम्ब्रा हे त्याचे पूर्ण नाव. जन्म ३ मार्च १९५३, रिओ दि जानेरो. फ्लामेंगो क्लबसाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले. १९७८, १९८२ आणि १९८६ असे तीन विश्वचषक तो खेळला, पण विश्वविजेतेपद त्याच्या नशिबी नव्हते. १९८२ चा ब्राझील संघ आजही सौंदर्यासाठी आठवला जातो. तो इटलीकडून ३-२ असा हरला. १९८६ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सामना १-१ असा बरोबरीत असताना झिकोची पेनल्टी अडवली गेली.

३/
जपानला मात्र त्याची ओळख वेगळ्या दिवसामुळे होती. १३ डिसेंबर १९८१ रोजी टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल चषकाचा सामना झाला. दक्षिण अमेरिकेचा विजेता फ्लामेंगो आणि युरोपचा विजेता लिव्हरपूल यांच्यातील या लढतीत फ्लामेंगोने ३-० असा विजय मिळवला. झिको सामन्याचा मानकरी ठरला. त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग नव्हती. जागतिक दर्जाचा खेळ प्रत्यक्ष पाहण्याची संधी अशाच सामन्यांतून मिळत असे.

४/
१९८३ ते १९८५ या काळात तो इटलीच्या उदिनीज संघाकडून खेळला. मायदेशी परतल्यावर गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्याला गाठले. १९९० च्या आरंभी माराकाना मैदानावर त्याचा निरोपाचा सामना झाला. त्यानंतर ब्राझील सरकारमध्ये त्याने क्रीडा खात्याची जबाबदारी सुमारे वर्षभर सांभाळली. थोडक्यात, जपानमधून बोलावणे आले तेव्हा तो खेळाडू म्हणून निवृत्त झालेला होता.

५/
आता जपानकडे वळू. तेथील राष्ट्रीय लीग १९६५ पासून चालू होती, पण तिच्यातील संघ प्रामुख्याने कंपन्यांचे होते. खेळाडू बहुधा त्या त्या कंपनीचे नोकरदार. दिवसा काम, मग सराव. प्रेक्षक थोडे, त्यांतही कंपनीचेच सहकारी बरेच. बेसबॉलवर जीव टाकणाऱ्या या देशात फुटबॉलला स्वतःचे घर नव्हते.

६/
हे चित्र पालटण्यासाठी व्यावसायिक 'जे-लीग'ची योजना आखण्यात आली. तिचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी काही अटी घातल्या. क्लब स्वतंत्र संस्था असला पाहिजे, तो एखाद्या गावाशी वा शहराशी बांधलेला असला पाहिजे, त्याला चांगले मैदान हवे आणि मुलांसाठी प्रशिक्षणाची व्यवस्था हवी. यांतली गावाची अट सर्वांत दूरगामी ठरली. क्लबची ओळख कंपनीवरून नव्हे, तर तिथल्या माणसांवरून व्हावी, हा तिचा हेतू होता.

७/
काशिमा हे टोकियोपासून शंभरएक किलोमीटरवरचे, इबाराकी प्रांताच्या किनाऱ्यावरचे गाव. तेव्हाची वस्ती पन्नास हजारांच्याही आत. प्राचीन शिंतो देवस्थानासाठी ते प्रसिद्ध. १९६० च्या दशकात वाळूच्या किनाऱ्यावर मोठे बंदर आणि औद्योगिक वसाहत उभी राहिली, सुमितोमो मेटलचा पोलाद कारखाना आला. रोजगार आला, पण कामावरून सुटल्यावर तरुणांनी करायचे काय, हा प्रश्न उरला. करमणूक हवी तर टोकियो गाठावे लागे. अशा गावात माणसे कामापुरती येतात, रुजत नाहीत.

८/
म्हणूनच सुमितोमो आणि स्थानिक प्रशासन यांनी जे-लीगसाठी अर्ज केला. संघ दुसऱ्या श्रेणीतला, गाव आडवळणाचे. प्रवेशाची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही, असे कावाबुची यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांवर छत असलेले १५,००० आसनांचे, केवळ फुटबॉलसाठीचे मैदान बांधाल तर विचार करू, ही त्यांची अट. नकार सभ्यपणे देण्याचाच तो प्रकार होता. पण इबाराकी प्रांताने मैदान बांधायचे ठरवले. १९९१ च्या आरंभी जाहीर झालेल्या पहिल्या दहा क्लबांत काशिमाचे नाव होते.

९/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. झिकोमुळे काशिमाला लीगमध्ये जागा मिळाली, असे अनेकदा सांगितले जाते. घटनाक्रम उलटा आहे. गावाने आधी मैदानाचे वचन दिले, त्यावर जागा मिळवली आणि झिको त्यानंतर आला. गावाची तयारी आधी होती. पुढच्या साऱ्या कथेचा पाया इथे आहे.

१०/
नवी लीग सुरू व्हायला अजून दोन वर्षे होती. त्यामुळे झिकोच्या वाट्याला आली ती जुन्या लीगची दुसरी श्रेणी: साधी मैदाने, तुरळक प्रेक्षक, बसने दूरचे प्रवास. माराकानावर लाखाच्या गर्दीपुढे खेळलेल्या माणसाला हे टाळता आले असते. त्याने ते टाळले नाही. १९९१-९२ च्या हंगामात २१ गोल करून तो त्या श्रेणीतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

११/
पण गोलांपेक्षा त्याचा आग्रह महत्त्वाचा होता. सरावाचे मैदान, हिरवळ, साहित्य, विश्रांती, कपडे बदलण्याची खोली, सामन्याआधीची तयारी, अशा प्रत्येक बाबतीत व्यावसायिक क्लबात काय असते, हे तो व्यवस्थापनाला सांगत राहिला. कालपर्यंत कारखान्याचे नोकरदार असलेल्या सहकाऱ्यांना, पराभव म्हणजे काय आणि तो का बोचला पाहिजे, हेही त्यानेच शिकवले. जपानी चाहते त्याला 'फुटबॉलचा देव' म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याचे काम देवापेक्षा गवंड्याच्या अधिक जवळचे होते.

१२/
क्लबचे नवे नाव 'काशिमा अँटलर्स' झाले. अँटलर्स म्हणजे हरणाची फांद्यांसारखी शिंगे. काशिमाच्या देवस्थानात हरणे देवाचे दूत मानली जातात आणि गावाच्या नावातही हरणाचे अक्षर आहे. कंपनीचे नाव गेले, गावाचे चिन्ह आले.

१३/
१९९३ च्या आरंभी संघ तयारीसाठी इटलीला गेला. तिथे क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाने त्याचा ८-१ असा धुव्वा उडवला. लीग तोंडावर आलेली असताना ही मोठी नामुष्की होती. झिको आणि प्रशिक्षक मासाकात्सु मियामोतो यांनी त्यानंतर बचावाची घडी नव्याने बसवली. सौंदर्याचा पुजारी मानल्या गेलेल्या खेळाडूने आपल्या संघाला आधी शिस्त शिकवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१४/
१६ मे १९९३. काशिमाच्या नव्या मैदानावर अँटलर्सचा जे-लीगमधला पहिला सामना. समोर नागोया ग्रामपस एट, त्यांच्याकडे इंग्लंडचा गॅरी लिनेकर. झिकोने तीन गोल केले, त्याचा ब्राझिली सहकारी अल्सिंदोने दोन. निकाल ५-०. जे-लीगच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक, आणि ती करणारा खेळाडू ४० वर्षांचा होता. त्या वर्षी लीगचा पहिला टप्पा काशिमानेच जिंकला.

१५/
चित्र पूर्ण करायचे तर डागही दाखवायला हवा. जानेवारी १९९४ मध्ये वर्षाच्या विजेतेपदासाठी वर्डी कावासाकीशी दोन सामने झाले. दुसऱ्या सामन्यात वर्डीला पेनल्टी मिळाली. संतापलेला झिको चेंडूपाशी जाऊन थुंकला आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. विजेतेपद वर्डीला मिळाले. त्याच वर्षी झिकोने खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. काशिमाला लीगचे अजिंक्यपद तो स्वतः खेळत असताना एकदाही मिळाले नाही.

१६/
मग त्याने दिले काय? याचे उत्तर पुढच्या वर्षांत आहे. निवृत्तीनंतरही तो तांत्रिक सल्लागार म्हणून क्लबशी जोडलेला राहिला. १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघातले लिओनार्डो आणि जॉर्जिन्यो काशिमाकडून खेळले. १९८२ च्या संघातला त्याचा सहकारी टोनिन्यो सेरेझो प्रशिक्षक झाला. १९९६ मध्ये पहिले अजिंक्यपद आले. मग १९९८, २०००, २००१, पुढे २००७, २००८, २००९ असे सलग तीन, आणि २०१६. त्या २०१६ च्या संघाचा प्रशिक्षक मासातादा इशिई हा झिकोसोबत खेळलेला खेळाडू होता. वारसा अशा रीतीने हातातून हातात गेला.

१७/
याच २०१६ च्या डिसेंबरात काशिमा क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. योकोहामात रिआल माद्रिदला त्याने जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि मग ४-२ अशी हार पत्करली. १९८१ मध्ये जपानी प्रेक्षक झिकोचा खेळ पाहुण्यांचा खेळ म्हणून पाहत होते. ३५ वर्षांनी त्यांचाच एक क्लब जगज्जेतेपदाच्या दारात उभा होता.

१८/
तुलनेशिवाय या यशाचे मोल कळत नाही. १९७५ मध्ये ३४ वर्षांचा पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे गेला. १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. लीगने घाईघाईने विस्तार केला; १९७८ मध्ये संघांची संख्या २४ झाली. अनेक क्लबांखाली पुरेसे प्रेक्षक नव्हते आणि पैसाही नव्हता. १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद पडली. पेलेच्या निष्ठेत खोट नव्हती. त्याने आणलेली गर्दी मुरण्यासाठी लागणारी जमीन तयार नव्हती.

१९/
जपानमध्येही सारेच क्लब तगले नाहीत. पहिल्या दहांतला योकोहामा फ्ल्युगेल्स आर्थिक पाठबळ आटताच शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन झाला. पहिल्या दोन्ही वर्षी जिंकलेला, ताऱ्यांनी नटलेला वर्डी पुढे अनेक वर्षे दुसऱ्या श्रेणीत अडकला. काशिमा पहिल्या श्रेणीतून कधीच खाली घसरला नाही. २०१९ मध्ये क्लबची मालकी पोलाद कंपनीकडून मर्कारी या इंटरनेट कंपनीकडे गेली, तरी क्लब काशिमाचाच राहिला.

२०/
या कथेचे एक टोक गोव्यापर्यंत येते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाने एक नामवंत परदेशी खेळाडू आणला. पुण्यात डेव्हिड त्रेझेगे, मुंबईत फ्रेडरिक ल्युंगबर्ग, गोव्यात रॉबर्ट पिरेस. एफसी गोवाच्या प्रशिक्षकपदी होता झिको. पोर्तुगीज भाषेचा आणि फुटबॉलचा जुना वारसा असलेल्या या भूमीत तो तीन हंगाम राहिला. २०१५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोव्याने अंतिम सामना चेन्नईयिनकडून ३-२ असा गमावला. २०१६ मध्ये संघ तळाला गेला आणि तो परतला.

२१/
त्या काळी भारतातील ही लीग जेमतेम अडीच-तीन महिन्यांची होती. त्यांतले बहुतेक तारे एका हंगामापुरते आले, टाळ्या घेऊन गेले. पुण्याचा क्लब २०१९ मध्ये इतिहासजमा झाला. काशिमात झिकोला पहिल्या सामन्याआधी तयारीसाठी दोन वर्षे मिळाली होती, आणि तेवढा काळ एका छोट्या गावात राहण्याची त्याचीही तयारी होती. वेळ ही गोष्ट मानधनाने विकत घेता येत नाही.

२२/
२०१८ मध्ये झिको पुन्हा तांत्रिक संचालक म्हणून काशिमात परतला. त्याच वर्षी क्लबने आशियाई चॅम्पियन्स लीग प्रथमच जिंकली. क्लबच्या बोधवाक्यात आजही 'झिकोचा बाणा' म्हणून तीन शब्द सांगितले जातात: समर्पण, प्रामाणिकपणा, आदर. त्याचा पुतळाही तिथे आहे. कारखान्यातून सुटल्यावर करायचे काय, या प्रश्नाला गावाने मैदान बांधून अर्धे उत्तर दिले होते. उरलेले अर्धे दुसऱ्या श्रेणीत उतरायला न लाजलेल्या एका ३८ वर्षांच्या खेळाडूने दिले.

(धागा समाप्त)