सर्व मृतांचा दिवस

रोमन कॅथॉलिक पंचांगांत नोव्हेंबर महिन्याचे पहिले दोन दिवस एकमेकांस जोडलेले आहेत. पहिला सर्व संतांचा, दुसरा सर्व मृतांचा. जे स्वर्गीं पोंचले त्यांचा पहिल्या दिवशीं गौरव करावयाचा. जे अद्याप वाटेवर आहेत त्यांच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं प्रार्थना करावयाची. युरोपांत त्या सुमारास शरद् ऋतु उतरणीस लागलेला असतो. लोक दफनभूमींत जाऊन थडगीं झाडतात, फुलें वाहतात, मेणबत्त्या लावतात. हा विधि मोठा शांत दिसतो. परंतु जिवंत माणसाला मेलेल्यासाठीं कांहीं करतां येतें काय, या प्रश्नावर युरोप एकदां दुभंगला, आणि त्या दुभंगाची तारीखही याच दिवसांना चिकटलेली आहे.

प्रश्न जुनाच आहे. संत ऑगस्टीनची आई मोनिका इ. स. ३८७ मध्यें रोमजवळील ऑस्टिया बंदरीं वारली. शरीर कोठेंही पुरावें, वेदीपाशीं मात्र आपलें स्मरण ठेवावें, एवढेंच तिनें मुलांपाशीं मागितलें. पुढें, संताच्या थडग्याशेजारीं पुरल्यानें मृतास लाभ होतो काय, असें नोला येथील बिशप पॉलिनस यानें विचारलें, तेव्हां ऑगस्टीननें त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अंत्यविधीचा थाट जिवंतांच्या समाधानासाठीं असतो. मृतांच्या उपयोगीं पडतात त्या प्रार्थना, वेदीवरील यज्ञ आणि दानधर्म, असा त्याचा निर्णय होता. पुढील हजार वर्षांचा आचार या निर्णयावर उभा राहिला.

दोहोंपैकीं संतांचा सण आधींचा. इ. स. ६०९ च्या सुमारास पोप चौथा बॉनिफेस यानें रोममधील पँथिऑन हें प्राचीन देवमंदिर कुमारी मेरी व सर्व हुतात्मे यांस १३ मे रोजीं अर्पण केलें. १ नोव्हेंबरला उत्सव करण्याची चाल आठव्या शतकांत दिसूं लागते, आणि नवव्या शतकांत सम्राट् लुईच्या अमदानींत ती फ्रँक लोकांच्या मुलुखांत रूढ झाली.

मृतांच्या दिवसाचें श्रेय बर्गंडींतील क्लूनीच्या मठाकडे जातें. हा मठ ९१० मध्यें स्थापन झाला. तेथें दिवंगत साधूंचीं व देणगीदारांचीं नांवें वहींत लिहून ठेवीत आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करीत. ९९४ ते १०४९ पर्यंत मठाधिपति असलेल्या ओडिलोनें त्यापुढें पाऊल टाकलें. २ नोव्हेंबरला क्लूनींत व तिच्या शाखांत घंटा वाजवाव्या, मिस्सा अर्पण कराव्या, गरिबांना अन्न द्यावें. आणि हें सर्व जगाच्या आरंभापासून मृत्यु पावलेल्या यच्चयावत् श्रद्धावंतांसाठीं करावें, अशी त्यानें आज्ञा केली. ज्याचें नांव कोणत्याही वहींत नाहीं त्यालाही त्यांत वांटा मिळाला. ज्यांची मृत्युतिथि ठाऊक नाहीं अशा पितरांची सोय आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला होते. त्याच जातीची ही भावना.

पण स्मरणालाही खर्च लागतो. प्रत्येक दिवंगत साधूच्या नांवानें गरिबाला जेवूं घालण्याची क्लूनीची रीत होती. मृतांची संख्या वाढत गेली, आणि बाराव्या शतकांत कोठार पुरेनासें झालें. मेलेले जिवंतांना मठाबाहेर काढतील, अशा भीतीनें मठाधिपति पीटर यास रोज पन्नास गरिबांची मर्यादा घालावी लागली.

पुढें अन्नाची जागा पैशानें घेतली. मृत आत्मे शुद्धिस्थानांत असतात व जिवंतांच्या प्रार्थनेनें त्यांस साह्य होतें, हें मत लिऑनच्या धर्मसभेनें १२७४ मध्यें अधिकृतपणें मांडलें. १४७६ मध्यें पोप चौथा सिक्स्टस यानें क्षमापत्रांचा लाभ त्या आत्म्यांनाही लागू केला. मग मृत आईबापांच्या सुटकेसाठीं क्षमापत्रें विकत घेण्यास लोकांची रीघ लागली. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशीं, मार्टिन ल्यूथरनें आपलीं ९५ विधानें आर्चबिशपकडे धाडलीं. विटेनबर्गच्या ज्या चर्चच्या दाराशीं ही कथा जोडली जाते, तें सर्व संतांनाच वाहिलेलें होतें.

परिणाम कठोर झाले. इंग्लंडांत १५४७ च्या कायद्यानें मृतांच्या मिस्सांसाठीं ठेवलेल्या देणग्या राजसत्तेनें घेतल्या. एलिझाबेथच्या काळीं त्या रात्रीं घंटा वाजविण्यासही बंदी झाली. तरी कित्येक खेड्यांत लोक वर्षानुवर्षें त्या वाजवीतच राहिले. पंडितांचा वाद मिटला असेल. मुलाला बापासाठीं वाटणारी तळमळ मिटली नव्हती. कॅथॉलिक पक्षानेंही धडा घेतला: १५६३ मध्यें ट्रेंटच्या सभेनें सिद्धांत कायम ठेवला, पण त्यांतील द्रव्यलोभास मनाई केली.

२ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूनें तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा १७४८ मध्यें स्पेन व पोर्तुगाल यांच्या राज्यांना, म्हणून गोव्यालाही, मिळाली. पहिल्या महायुद्धांत तरुणांचीं प्रेतें नांवानिशीं पुरणेंही अशक्य झालें, तेव्हां पोप पंधरावा बेनेडिक्ट यानें १० ऑगस्ट १९१५ रोजीं ती साऱ्या जगाला दिली. जुन्या देणग्या जप्त होऊन किंवा बुडून ज्या मृतांच्या मिस्सा राहून गेल्या होत्या, त्यांचेंही ऋण त्याच्या मनांत होतें. तीन मिस्सांपैकीं एक सर्व मृतांसाठीं ठरली. आणि दक्षिणा मात्र तिहींपैकीं एकीचीच घ्यावी, असा दंडक घातला गेला.