अठरा पूर्ण झाली, घर बदललं... मग खावटीचं काय?

परवा कोर्टाबाहेरच्या टपरीवर एक ताई भेटल्या. नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. मुलगी अठराची झाली, बारावी झाली आणि कॉलेजसाठी मामाकडं राहायला गेली. बापानं तिची महिन्याची खावटी बंद केली. म्हणाला, "पोरगी सज्ञान झाली, तुझ्या घरातही राहत नाही. आता कसले पैसे?" ताईंनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरवाले. घर बदललं की बाप बदलतो का हो?"

प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून थोडा इतिहास चाळला. मंडळी, पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं मोठ्या वयात कायद्यानं घर बदलायचा एक जुना रस्ता होता, तो म्हणजे दत्तक. नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्यात प्रमाण मानला जायचा. त्याप्रमाणे लग्न झालेला, पोराबाळांचा माणूससुद्धा दत्तक जाऊ शकत होता. गेला की जन्मघरातला वारसा सुटला. पण त्याच्या आधी जन्मलेल्या पोराचं काय? 1909 साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, की तो पोरगा बापाबरोबर नव्या घरात जात नाही. त्याचं गोत्र आणि वारसा जुन्याच घरात राहतो. म्हणजे नातं तुटायला विधी लागतो, आणि तोही ज्याचा त्याचाच. बॅग उचलून मामाकडं गेल्यानं काही तुटत नाही.

आता खावटीकडं येऊ. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 488 होतं. बायकामुलं उघड्यावर पडू नयेत म्हणून मॅजिस्ट्रेटकडं झटपट दाद मागायची ही सोय. त्यात मुलासाठी अट एकच होती, 'स्वतःचा निर्वाह करू न शकणारं'. वय लिहिलेलं नव्हतं! रकमेला मात्र महिना 50 रुपयांची मर्यादा होती. 1955 साली ती 500 झाली आणि 2001 साली मर्यादाच काढून टाकली.

वयाची रेघ आली 1973 च्या नव्या संहितेत. कलम 125 नं खावटी अज्ञान मुलांपुरती ठेवली. सज्ञान मुलाला ती मिळणार फक्त शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळं तो कमावू शकत नसेल तर. अठरा हा आकडा त्याहून जुना, 1875 च्या सज्ञानता कायद्यातला. त्या काळी अठराव्या वर्षी पोरं कामाला लागलेली असायची. आज अठरावं लागतं ते नेमकं बारावी आणि कॉलेजच्या फीच्या मध्ये. खरी गोची इथंच आहे. 1 जुलै 2024 पासून 125 चं कलम 144 झालं, पण रेघ तिथंच राहिली.

मग त्या मुलीला काहीच नाही का? आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम 20 बघा. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर निर्वाह करू शकत नसेल, तर आईबापांवर तिची जबाबदारी आहे. त्यात अठराची अट नाही आणि ती कोणाच्या घरात राहते हा प्रश्नही नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2020 मध्ये हे दोन्ही रस्ते वेगवेगळे करून सांगितले. मॅजिस्ट्रेटकडं 125 खाली सज्ञान, धडधाकट मुलीला खावटी नाही. पण कलम 20 खाली तिचा हक्क शाबूत आहे, तो तिनं स्वतः मागायचा. मुस्लिम बापाबद्दलही 1997 साली त्याच न्यायालयानं मुलीची जबाबदारी लग्नापर्यंत मानली आहे.

अडचण आहे ती रस्त्याची. कुटुंब न्यायालय असेल तर दोन्ही गोष्टी एका छताखाली होतात. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाला ते कुठलं? इथं दिवाणी दावा लावायचा, वकील करायचा, तारखा मोजायच्या. तोवर पोरीचं पहिलं वर्ष संपतं.

आणि मुलगा असेल तर? अठरा ओलांडून शिकणाऱ्या धडधाकट मुलासाठी कलम 20 मध्ये जागाच नाही. 2021 साली दिल्ली हायकोर्टानं मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत त्याच्या खर्चासाठी आईला रक्कम द्यायला लावली. अठराव्या वाढदिवशी सगळं ओझं आईवर टाकता येणार नाही, असा त्यामागचा विचार. चांगला निकाल आहे, पण कायद्यात तसं लिहिलेलं नाही. लिहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. मुलगी अठराची होण्याआधीची खावटी थकली असेल, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. आणि पुढचा दावा मुलीच्या सहीनं लावा.

त्या म्हणाल्या, "तिनं बापावर सही करायची?"

याचं उत्तर मला कुठल्याच कलमात सापडलं नाही.