पाच-पंधरा

४ ऑगस्ट १९९६. अटलांटा ऑलिम्पिकची बॉक्सिंगची फायनल बघायला जॉर्जिया टेकच्या कोलिझियममध्ये तुम्ही बसला आहात आणि समोर अमेरिका हरते आहे.

कालच इथे शहराबाहेर, स्टोन माउंटनला, टेनिसमध्ये लिएंडर पेसनं ब्राँझ जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर भारताचं हे पहिलंच वैयक्तिक पदक. तुम्ही त्याच आनंदात आहात. आजूबाजूच्या अमेरिकनांच्या जिवाला मात्र घोर लागलाय. बॉक्सिंगमध्ये यजमानांना अजून एकही सुवर्ण नाही. फ्लॉइड मेवेदर नावाचा पोरगा परवा सेमीफायनलला एका गुणानं गेला. उरलाय एकटा डेव्हिड रीड, फिलाडेल्फियाचा, बावीस वर्षांचा. समोर क्युबाचा अल्फ्रेडो डुवेर्गेल.

रिंगभोवती पाच जज आहेत. प्रत्येकाच्या हाताशी बटणं. ठोसा बसल्यावर एका सेकंदाच्या आत पाचांपैकी तिघांनी त्याच बॉक्सरचं बटण दाबलं तरच गुण. क्युबाची पोरं या यंत्राला सरावलेली: स्वच्छ, सरळ, सगळ्यांना दिसेल असं मारायचं आणि बाजूला व्हायचं. दुसरा राउंड संपतो तेव्हा रीडचे पाच, डुवेर्गेलचे पंधरा. आता एकच राउंड, तीन मिनिटं. दहा गुण भरून काढणं जवळजवळ अशक्य.

कॉर्नरमध्ये ॲल मिचेल उभे आहेत. ते अमेरिकन संघाचे मुख्य प्रशिक्षक खरे, पण या पोराला ते लहानपणापासून ओळखतात. फिलाडेल्फियाच्या जिममध्ये त्यांनीच त्याला ग्लोव्हज चढवले, आणि ते मिशिगनमधल्या मार्केट नावाच्या गावी गेले तेव्हा तोही त्यांच्यामागे गेला. रीड स्टुलावरून उठतो. त्याच्या उजव्या खांद्याकडे बघा. डुवेर्गेल पुढे येतो, मारायला हात उघडतो, आणि त्याच फटीतून रीडचा उजवा वरून येऊन थेट जबड्यावर बसतो. क्युबन खाली. तो उठायची धडपड करतो, पण पाय साथ देत नाहीत. रेफरी हात हलवून लढत थांबवतात. राउंड सुरू होऊन जेमतेम ३६ सेकंद झालेत. रीड उड्या मारतोय, सगळं सभागृह उभं आहे, आणि तुम्हीही कधी उभे राहिलात ते तुम्हाला कळलेलं नाही.

इतकं निखळ काही खेळात क्वचितच बघायला मिळतं. पण आता रीडकडे न बघता रिंगजवळच्या खुर्च्यांकडे बघा. त्या ३६ सेकंदांनी तिथल्या लोकांना आधीची सहा मिनिटं विसरायला लावली आहेत. हा मुलगा पाच-पंधरानं मागे का पडला, ठोसे चुकवताना त्याचं डोकं कुठे राहतं, हे विचारायला आत्ता कुणालाच सवड नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त तेच खुपतं.

पुढची अडीच वर्षं भराभर जातात. ‘अमेरिकन ड्रीम’ हे टोपणनाव, एचबीओ वाहिनीशी करार, पहिल्याच व्यावसायिक लढतीला टीव्हीचे कॅमेरे. ६ मार्च १९९९ ला ॲटलांटिक सिटीत तो फ्रान्सच्या लोराँ बुदुआनीला हरवून डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेता होतो, अवघ्या बाराव्या लढतीत. एका गुणानं हरलेल्या मेवेदरला विश्वविजेतेपद मिळालं त्याआधी त्याच्या सतरा लढती झाल्या होत्या. आणि या धावपळीत रीडची डावी पापणी खाली उतरू लागते. शस्त्रक्रिया होतात, पापणी पुन्हा उतरते.

आता लास वेगास. ३ मार्च २०००, सीझर्स पॅलेस. रीडच्या चौदा लढती झाल्यात, सगळ्या जिंकलेल्या. समोर पोर्तो रिकोचा फेलिक्स त्रिनिदाद, छत्तीस लढती, तोही अपराजित, सहा महिन्यांपूर्वीच ऑस्कर दे ला होयाला हरवून आलेला. तिसऱ्या राउंडमध्ये रीडचा उजवा पुन्हा सुटतो आणि त्रिनिदाद खाली बसतो. तुम्ही अटलांटासारखेच उभे राहता. पण हा माणूस याआधीही असा पडलाय आणि उठून जिंकलाय. तो शांतपणे उठतो. हे शहाणपण जिममध्ये शिकवून येत नाही. त्यासाठी टीव्हीवर कुणी बघत नाही अशा लढतींत दहा-दहा राउंड झिजावं लागतं, आणि रीडला तेवढा वेळ कुणी दिलाच नाही. सातव्या राउंडला त्रिनिदाद त्याला खाली आणतो. अकराव्यात तो एकदा पडतो, दुसऱ्यांदा पडतो, तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा उठतो. बारावा राउंडही पूर्ण करतो. उभा राहून हरतो.

बाहेर पडताना तुमच्या पुढचा माणूस सोबत्याला म्हणतो, नुसताच गवगवा होता याचा. त्याला थांबवा. सांगा, की सव्वीसाव्या वर्षी चौदा लढतींच्या शिदोरीवर त्रिनिदादला खाली पाडणारा आणि चारदा पडूनही शेवटची घंटा ऐकणारा बॉक्सर फुसका नसतो. गवगवा त्यानं केला नव्हता. तो करणाऱ्यांना छत्तीस लढतींचा माणूस चौदा लढतींच्या पोरासमोर उभा करायची घाई झाली होती, आणि मार खायला ते रिंगमध्ये नव्हते.

२००१ च्या नोव्हेंबरात आणखी एक पराभव होतो आणि रीड ग्लोव्हज उतरवतो: सतरा विजय, दोन हार, वय अठ्ठावीस. नंतर नैराश्यानं त्याला गाठलं. तो सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या मार्केटला परत गेला, मिचेल होते तिथे. कॅमेरे कधीच दुसऱ्या पोरांकडे वळले होते. त्याची विचारपूस करत राहिले ते मिचेल.