सोंगाचा मृत्यू : भोवाडा आणि पटावरील भूमिका-खेळ

कळवण तालुक्यात सप्तशृंगगडाच्या पायऱ्या जेथून सुरू होतात, तेथे महिषासुराचे शिर म्हणून एक रेड्याचे मस्तक पुजले जाते. देवीच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू प्रथम, जिच्या हातून ज्याचा वध झाला, त्या वध्याच्या स्थानावरून पुढे जातो. वध पावलेल्यासही येथे आपली जागा आहे. या परिसरातील सोंगांच्या नाचात मृत्यूचे जे रूप आढळते, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करणे अगत्याचे आहे.

कळवण, सुरगाणा, पेठ या पट्ट्यातील कोकणा व इतर आदिवासी समाजांत या नाचास भोवाडा म्हणतात. पश्चिमेस जव्हार-मोखाड्याकडे तोच बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत, लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग रात्रभर येत राहते. आरंभी गणपती व शारदा, मग राम, रावण, नरसिंह, वेताळ इत्यादी, आणि सरतेशेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध. महिषासुर मरतो. तो मरणार हे रिंगणाभोवती बसलेल्या लहान मुलासही ठाऊक असते, आणि तरीही माणसे जागीच असतात.

याचे कारण सोंगाच्या मालकीत शोधावे लागते. पुष्कळ गावांत अमुक सोंग नाचविण्याचा मान अमुक घराण्याकडे परंपरेने चालत आलेला असतो. नाचणारा माणूस त्या सोंगाचा धनी नव्हे, वाहक होय. वध झाला की मुखवटा उतरतो आणि पुढल्या खेपेपर्यंत ठेवून दिला जातो. बापाने वागविलेले मरण पुढे मुलगा वागवितो. त्यात कोणाचेच काही हरवत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांत सापडते. या खेळांत प्रत्येक गडी एक पात्र कल्पून त्याच्या वतीने बोलतो व वागतो, आणि संकटाचा निर्णय फासे करतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे. राइसविट्झ याने 1824 साली प्रशियाच्या सैन्यासाठी सिद्ध केलेल्या खेळात फासे टाकून तुकड्यांची हानी ठरत असे. तेथे मरत असे तो केवळ आकडा, आणि त्याबद्दल कोणी हळहळण्याचा प्रश्नच नव्हता. 1971 च्या ‘चेनमेल’ या नियमावलीतही साधा सैनिक एकाच घावात गारद होई. आर्नेसनच्या मंडळीत मात्र एकेक गडी एकेका व्यक्तीची भूमिका घेऊ लागला आणि एका फाशात ती व्यक्ती नाहीशी व्हावी, हे कोणास रुचेना. तेव्हा त्याने चिलखती नौकांच्या लढाईच्या खेळातून अनेक आघात सोसण्याची मोजणी उचलली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. तोच न्याय माणसाला लावला गेला. 1974 च्या नियमांत मृतास उठविण्याचा मंत्रही आहे. संजीवनी हुतूतूत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो, हे जाणणाऱ्या मराठी वाचकास त्याचे नवल वाटू नये.

पुढे या मरणाचे नाना प्रकार झाले. ‘ट्रॅव्हलर’ (1977) या खेळात पात्र घडविता घडविताच मरू शके, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच! ‘पॅरानोइया’ (1984) मध्ये प्रत्येक पात्राची सहा प्रतिरूपे असत, त्यामुळे मरण थट्टेचा विषय बनले. त्याच वर्षी आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत, कथेस आवश्यक असलेल्या पात्रांचा मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्यांना परत आणता येईल, असा संकेत होता. येथे हा खेळ भोवाड्याच्या जवळ येतो, पण उलट्या बाजूने. कोणी मरलेच पाहिजे हे भोवाडा आधी ठरवितो. कोणी मरता कामा नये हे ‘ड्रॅगनलान्स’ने ठरविले.

भोवाडा हा विधी व पटखेळ हे मनोरंजन, सबब ही तुलनाच अप्रस्तुत, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रशियाचा युद्धखेळ विधीही नव्हता आणि निव्वळ मनोरंजनही नव्हता, तरी त्यातील मरण कोणास लागले नाही. भेद पावित्र्याचा नसून मालकीचा आहे. पटावरील पात्र एकाच गड्याने घडविलेले असते, त्याला वारस नसतो. म्हणून त्याचा मृत्यू ही हानी ठरते. भोवाड्याचे सोंग गावाचे असते.

मात्र त्या सोंगालाही एक मरण संभवते, आणि ते रिंगणात येत नाही. मान असलेल्या घरात नाचविणारा उरला नाही आणि गावाने तो दुसऱ्या घराकडे दिला नाही, तर मुखवटा शाबूत राहूनही सोंग संपते. या दृष्टीने कळवण तालुक्यात गावोगाव कोणते सोंग कोणत्या घराकडे होते व ते पुढे कोणाकडे गेले, याची पिढीवार नोंद होणे आवश्यक आहे. मुखवट्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांनी त्यांच्या वाहकांची वंशावळही विचारून घ्यावी.